सापळ्यांचं गॅरेजसकट घर

महिपतराव सापळ्यांनी आयुष्यातला पहिला बंगला बांधायला घेतला तो ठाकुर्लीत, आनंदछाया सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावरची गवारीची परडी बाजूला सारून. गणपती नुकतेच गेले होते. प्लॉट ऐसपैस होता. समोर रुंद रस्ता, रस्त्यात खड्डा नाही, फेरीवाला नाही आणि मुख्य म्हणजे एकही गाडी उभी नाही. असा रस्ता आपल्या पंचक्रोशीत नसतोच, तेव्हा हे सगळं कम्प्युटरच्या खेळात चाललं होतं हे वेगळं सांगायला नको.

खेळ घालून दिला होता त्यांच्या लेकीने, रसिकाने. ती ठाण्याला घोडबंदर रोडला राहते. रिटायर झालेले बाबा सोसायटीच्या कमिटीत जाऊन रक्तदाब वाढवून घेतील या भीतीने तिने आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि त्यात हा खेळ टाकला. या खेळात बंदूक नाही, राक्षस नाही. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, जेवूखाऊ घालायचं, आंघोळीला पाठवायचं, कामाला लावायचं. म्हणजे नंदाताई गेली पस्तीस वर्षं जे करत होत्या तेच, फक्त इथे माणसं ऐकत होती.

महिपतरावांना त्या खेळातलं बाकी काही नको होतं. त्यांना हवं होतं गॅरेज, तेही अंगणात कुठेतरी वेगळं नव्हे, तर घराला चिकटून, एका भिंतीचं. स्वयंपाकघरातून दार उघडलं की समोर गाडी. पावसात छत्री नको, चिखलात चप्पल नको. अशी घरं त्यांनी सिनेमात पाहिली होती आणि गोष्ट सोडून तो दरवाजाच बघत बसले होते.

आता या हट्टाचं मूळ खाली रस्त्यावर, बदामाच्या झाडाखाली उभं होतं. महिपतरावांची छोटी फिकट निळी गाडी. वास्तविक आनंदछायाच्या पोटात, खांबांमधल्या पार्किंगमध्ये, तीन नंबरची जागा सापळ्यांची. कागदोपत्री आजही त्यांचीच. पण काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या गणपतीचं मखर ठेवायला जागा मिळेना, तेव्हा सेक्रेटरी राकेश घरी येऊन म्हणाला, ‘काका, चारच दिवस हां. बाप्पाचं काम आहे.’ बाप्पाच्या कामाला नाही कोण म्हणणार? महिपतरावांनी गाडी रस्त्यावर काढली. मग मखराच्या सोबतीला मांडवाचे बांबू आले. बांबूंना कंपनी म्हणून लाऊडस्पीकरचे खोके आले. एका वर्षी देखाव्यात कैलास केला होता, तो प्लायवूडचा अख्खा हिमालयही तिथेच येऊन टेकला. आता हिमालय हलवायचा म्हणजे कुठे? यंदाही विसर्जन झाल्यावर सगळं पुन्हा तीन नंबरला परतलं, आणि राकेश जिन्यात भेटला तेव्हा ‘काका, चारच दिवस’ असं न चुकता म्हणाला.

रस्त्यावर उभ्या गाडीचं दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक. वर कबुतरं, खाली कुत्री, मधे क्रिकेट. जेवताना खालून ‘सिक्स!’ असा आवाज आला की महिपतराव हातातला घास टाकून खिडकीशी. संध्याकाळी कव्हर घालायचं आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून सुतळीने बांधायचं. झोपायच्या आधी परत एकदा खाली जाऊन सुतळी आवळून यायचं. बरं, गाडी कुठे न्यावी तर ती जागाही जाते. एकदा ते बदलापूरला लग्नाला गाडी घेऊन गेले आणि परत आले तर झाडाखाली कुणाचा तरी टेम्पो. तेव्हापासून गाडी हलवायची नाही असं ठरलं. हलत नाही म्हणून बॅटरी उतरते, बॅटरी उतरते म्हणून हलत नाही. सापळे पतिपत्नी सगळीकडे रिक्षाने जात आणि गाडी घराची राखण करत असे.

नंदाताईंनी पुष्कळ दिवस सोसलं. मग त्या दिवशी गवार मोडता मोडता त्या म्हणाल्या, ‘साईनाथचा फोन होता.’ साईनाथ हा त्यांचा कल्याणचा भाऊ. ‘त्याला गाडी हवीय. दसऱ्याच्या मुहूर्तावर येऊन घेऊन जाईन म्हणतोय.’

‘कुठली गाडी?’

‘आपल्याकडे काय चार आहेत?’

महिपतराव खिडकीशी जाऊन गाडी बघून आले. ‘नंदा, अगं एकदा गाडीला छप्पर मिळालं ना, की...’

‘छप्पर! तुमच्याच्याने तो प्लायवूडचा डोंगर हलत नाही आणि म्हणे छप्पर. अहो, त्या कम्प्युटरातसुद्धा जमायचं नाही तुम्हाला.’

हे मात्र वर्मी लागलं. महिपतराव वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात डिस्पॅच खात्याचे प्रमुख होते. भले भले ट्रक त्यांच्या शिटीवर मागे येत आणि बोटभर अंतर राखून उभे राहत. त्यांनी छाती पुढे काढली. ‘कम्प्युटरात? कम्प्युटरात डाव्या हाताने बांधून दाखवतो!’

‘दाखवा ना. दसऱ्यापर्यंत तुमच्या त्या बंगल्याच्या गॅरेजात गाडी शिरू दे. शिरली तर मी जन्मात गाडी विकायचं नाव काढणार नाही. नाही शिरली तर चावी साईनाथला. कबूल?’

‘कबूल!’ असं म्हणून महिपतरावांनी परडी सरकवली ती तेव्हाच.

आधी माणसं बनवावी लागतात. महिपतरावांनी एक महिपत बनवला. त्याला डोक्यावर भरपूर केस दिले, कारण द्यायला पैसे पडत नव्हते. मग नंदा बनवली. कपड्यांच्या कपाटात साडी काही सापडेना, तेव्हा एक गुडघ्यापर्यंतचा पिवळा झगा दिला. खऱ्या नंदाताईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ही मी? असल्या झग्यात, भर रस्त्यावर?’ शेवटी त्यातल्या त्यात लांब गाऊन शोधून तडजोड झाली. आडनाव सापळे टाकलं. जोडपं रिकाम्या प्लॉटवर जाऊन उभं राहिलं आणि महिपतराव पहिली भिंत ओढणार इतक्यात दाराची बेल वाजली.

समोरच्या मंजुळाबाई कढीपत्ता मागायला आल्या होत्या. ही माउली स्वभावाने चांगली, पण पंचांग तोंडपाठ. स्क्रीनकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. ‘अहो भावजी, पितृपक्ष लागलाय! या दिवसांत कुणी घर बांधायला काढतं का?’

‘वहिनी, हा खेळ आहे.’

‘खेळ असंल हो. पर नाव कुणाचं घातलंय तिथं?’

नाव सापळ्यांचंच होतं. महिपतराव स्वतःला आधुनिक विचारांचे समजत. मांजर आडवं गेलं तरी ते थांबत नसत, फक्त जरा सावकाश चालत. तरीसुद्धा नावाचा मुद्दा बिनतोड होता. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि काम घटस्थापनेपर्यंत तहकूब केलं. पैजेचे निम्म्याहून जास्त दिवस असे पितरांच्या खाती गेले, आणि पितरांकडे तक्रार करायची सोय नाही.

इकडे नंदाताईंना मात्र चैन पडेना. आपण घरात गरम पोळी खातोय आणि तिथे ती दुसरी नंदा उघड्यावर उभी आहे, हे काही त्यांच्या मनाला पटेना. एका दुपारी महिपतराव वामकुक्षीला गेल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला. ती दोघं भुकेने कळवळून हातवारे करत होती. ‘अगं बाई!’ असं म्हणत नंदाताईंनी आधी फ्रीज आणला. बांधकाम करायचं नव्हतं, पण सामान मांडायला शास्त्राची हरकत नव्हती. त्यांनी कढीपत्ता परत मागायच्या निमित्ताने मंजुळाबाईंकडून खात्री करून घेतली होती. फ्रीजमागून शेगडी आली, मग पलंग, मग न्हाणी. भिंती नसल्यामुळे न्हाणीचा प्रश्न नाजूक होता, म्हणून चारी बाजूंनी कुंड्या लावल्या. शेजारचे लोक सारखे येऊन उभे राहू लागले, तेव्हा त्यांना बसवायचं कसं, बोलायचं कसं आणि वेळेवर घालवायचं कसं हेही त्या शिकल्या. महिपतराव उठायच्या आत लॅपटॉप जागच्या जागी. घटस्थापनेला महिपतरावांनी झाकण उघडलं तेव्हा मोकळ्या मैदानात सुखाचा संसार थाटलेला दिसला. खेळ आपोआप पुढे सरकत असणार अशी त्यांनी समजूत करून घेतली.

आता बांधकामाला कोण अडवणार? अडवणारे तळमजल्यावर राहत होते. आबा परुळेकर म्हणजे सोसायटीतले सर्वांत जुने रहिवासी. सव्वीस जुलैच्या पुरात त्यांच्या घरात पाणी ओट्याला लागलं होतं आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक वास्तूकडे ते एकाच नजरेने बघत. बातमी कानावर येताच काठी टेकत तीन मजले चढून आले.

‘सापळे, जोतं किती धरलंय?’

‘आबा, हा खेळ...’

‘खेळ पाण्याला कळतो का? तीन फूट घ्या. मी गंमत म्हणून सांगत नाही. माझं सागवानी कपाट गेलं, लग्नातलं. गॅरेजही वर घ्या, त्याच जोत्यावर. इंजिनात पाणी शिरलं की संपलं.’

आबांचे डोळे पाणावले होते. पाण्याने ज्याचं कपाट नेलं त्याच्याशी वाद घालायचा नसतो. शिवाय महिपतरावांनाही ते पटलं. कारखान्यातला माल चढवायचा धक्का ट्रकच्या उंचीएवढा वरच होता. त्यांनी घराखाली तीन फुटांचं जोतं घातलं आणि गॅरेजही त्याच जोत्यावर चढवलं. स्वयंपाकघर, त्याला लागून गॅरेज, मधे दार, वर लाल कौलं. गॅरेजला वर सरकणारा पांढरा दरवाजा आणि समोर रस्त्याच्या कडेला फिकट निळी गाडी. महिपतराव खुर्चीत मागे रेलले. घर इतकं देखणं झालं होतं, की त्यांनी ते चारी बाजूंनी फिरवून फिरवून पाहिलं. त्यांनी नंदाताईंना हाक मारली आणि लॅपटॉपमधल्या महिपतला हुकूम दिला: गाडी आत घे.

तो महिपत ऐटीत चालत गेला. गाडीजवळ उभा राहिला. गॅरेजकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि दोन्ही हात वर करून अगम्य भाषेत ओरडू लागला. त्याच्या डोक्यावर एक गाडीचं चित्र आलं, त्यावर लाल फुली.

‘काय म्हणतोय?’ नंदाताईंनी विचारलं.

‘दमला असेल,’ महिपतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो ताजातवाना होऊनही फुलीच दाखवू लागला. मग सल्ल्यांना धरबंध राहिला नाही. मंजुळाबाईंनी दिशेवर बोट ठेवलं. ‘वाहन वायव्येला पाहिजे, भावजी. तुम्ही भलतीकडंच ठेवलंय. कशी शिरंल?’ खेळात वायव्य कुठली हे कळायला मार्ग नव्हता. मंजुळाबाईंनी सूर्य कुठून उगवतो ते बघायला लावलं. तो उगवेपर्यंत दोघं चहा घेत बसले. दिशा ठरल्यावर महिपतरावांनी अख्खं गॅरेज पाडून घराच्या दुसऱ्या अंगाला बांधलं. तिथे ते न्हाणीला चिकटलं. मग न्हाणी हलवली. न्हाणी हलवली तर ती देवघराला लागून आली, म्हणून देवघर हलवलं. देवघर स्वयंपाकघरात आलं, म्हणून स्वयंपाकघर. सरतेशेवटी संपूर्ण घर आरशात बघितल्यासारखं उलटं झालं आणि गाडी होती तिथेच होती, फुलीसकट.

राकेशला जिन्यात कळलं. राकेश हा मनुष्य कुठलीही रिकामी जागा सहन करू शकत नाही. ‘काका, टेन्शन काय घेता? गाडी नाही ना जात? सोडून द्या! गॅरेजचं वन आरके करून टाका ना. एक मोरी टाकली की झालं. भाड्याने द्या, नायतर पोळीभाजी केंद्र काढा. ठाकुर्लीत एवढी जागा कोण गाडीला देतो का?’

महिपतराव तसेच जिना चढू लागले. पण त्यांच्या मनात आलं, की हा माणूस आपल्या खऱ्या जागेत हिमालय ठेवून बसलाय आणि आता खोट्या जागेतही मोरी टाकायला निघालाय. घरी येऊन त्यांनी सरळ खेळ बनवणाऱ्या कंपनीला अर्ज लिहायला घेतला. डिस्पॅचच्या माणसाचा पत्रव्यवहारावर भारी विश्वास. ‘माननीय व्यवस्थापक साहेब, विषय: संलग्न गॅरेजमध्ये वाहन प्रवेश न करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...’ हे सगळं त्यांनी इंग्रजीत केलं, खाली सही स्कॅन करून जोडली. लगोलग उत्तर आलं. आपण लिहिलंत याबद्दल कंपनीला अत्यंत आनंद झाला होता आणि या आनंदाला पाचपैकी किती तारे द्याल असं तिने विचारलं होतं. महिपतरावांनी एक तारा दिला आणि कारणमीमांसा जोडली. त्यावर कंपनीला पुन्हा अत्यंत आनंद झाला. तिसऱ्या पत्रात त्यांनी ‘वरिष्ठांकडे दाद मागावी लागेल’ असं लिहिलं. तेव्हा कंपनीने कळवलं, की आपला कम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा.

शेवटी त्यांनी मान खाली घालून रसिकाला फोन लावला. ती ऑफिसात होती. ‘बाबा, सोप्पंय! एक चीट कोड टाका, गाडी कुठेही जाईल. भिंतीतूनपण जाईल.’

‘चीट?’

‘म्हणजे फसवणूक नाही हो, सगळेच टाकतात.’

‘रसिका, तेहतीस वर्षं नोकरी केली. कारखान्यातून एक खिळा घरी आणला नाही. आणि आता उतारवयात स्वतःच्या गॅरेजात मी लबाडीने गाडी घालू?’

रसिकाने फोन ठेवला. बाबांचा आवाज असा झाला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तिने आपण होऊन व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाली, ‘बाबा, कॅमेरा स्क्रीनकडे करा. मला घर दाखवा बघू.’ महिपतरावांनी फोन धरला.

‘बाबा, हे गॅरेज हवेत काय करतंय?’

‘हवेत नाही. जोत्यावर आहे. तीन फूट.’

‘आणि गाडी रस्त्यावर आहे. मग ती तीन फूट उडी मारणार का?’

महिपतरावांनी स्क्रीनकडे पाहिलं. नंदाताईंनी पाहिलं. कढीपत्ता परत द्यायला आलेल्या मंजुळाबाईंनीही पाहिलं. आयुष्यभर ट्रक मागे घेतलेल्या माणसाला ही गोष्ट दिसू नये याची महिपतरावांना इतकी लाज वाटली, की कान गरम झाले. धक्क्यावर माल चढतो, ट्रक चढत नाही, हे तिथला हमालसुद्धा सांगेल.

‘पण पाणी शिरेल गं,’ ते क्षीण आवाजात म्हणाले.

‘बाबा, तिथे पूर येत नाही!’

‘आणि आबांना काय सांगू?’

आबांना त्यांनी स्वतः खाली जाऊन सांगितलं. आबांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, ‘बघा बुवा. गाडी तुमची, जबाबदारी तुमची,’ आणि टीव्हीचा आवाज वाढवला. महिपतरावांनी वर येऊन गॅरेज तोडलं, जमिनीला टेकवून पुन्हा बांधलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून गॅरेजात उतरायला तीन पायऱ्या केल्या. गाडी तेवढी आत घेऊन बघायची राहिली. ती त्यांनी मुद्दामच ठेवली. खंडेनवमीला वाहनाची पूजा करतात, वाहन दामटत नाहीत, असं मंजुळाबाईंचं मत पडलं. शिवाय व्हायचं ते सगळ्यांसमक्ष होऊ दे, असा महिपतरावांचा बेत होता. खालच्या निळ्या गाडीला त्यांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि लिंबू ठेवलं. पूजा ही शेवटचीच का, हा प्रश्न त्यांनी मनात येऊ दिला, पण तिथे बसू दिला नाही.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं आली. आबाही आले, ‘मी नुसता सोनं द्यायला आलोय’ असं दारातच सांगून सगळ्यांत पुढची खुर्ची धरून बसले. मंजुळाबाई होत्या, राकेश होता. तेवढ्यात साईनाथचा फोन आला, की तो कल्याणहून निघतोय, चावी तयार ठेवा. नंदाताई ‘थांब जरा’ म्हणाल्या आणि फोन तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. महिपतरावांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. त्यांनी टोपी घातली, आपट्याचं पान लॅपटॉपला वाहिलं आणि हुकूम दिला.

लॅपटॉपमधला महिपत बाहेर आला. गाडीजवळ गेला. गॅरेजकडे बघितलं. पांढरा दरवाजा सरसर वर गेला. आबा खुर्चीच्या कडेला सरकले. तो गाडीत बसला, गाडी सुरू झाली, आणि त्याच क्षणी कुठूनशी एक लाल लांबलचक गाडी आली आणि बरोब्बर गॅरेजच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. तिच्यातून एक ढेरपोट्या शेजारी उतरला, हात हलवत घराकडे चालू लागला. निळ्या गाडीवर लाल फुली आली.

‘अरे, ए!’ महिपतराव टीव्हीवर ओरडले. ‘फाटकासमोर गाडी लावतात का? काय अक्कलबिक्कल?’

‘काका, तो पाच मिनिटांसाठी आला असेल,’ राकेश अनुभवाने म्हणाला.

‘पाच मिनिटं!’ महिपतराव मटकन खुर्चीत बसले. घर बांधून झालं, पाडून झालं, दिशा बदलून झाली, लबाडी केली नाही. आणि शेवटी इथेही हेच. याला घालवणार कसा? कुणाकडे अर्ज करायचा? फोनमधून साईनाथचं ‘हॅलो, हॅलो’ ऐकू येत होतं. महिपतरावांनी खिशातून गाडीची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांना नंदाताईंकडे बघवेना.

नंदाताईंनी फोन मंजुळाबाईंच्या हातात दिला. ‘सरका,’ त्या म्हणाल्या.

‘अं?’

‘सरका म्हणते ना! आपल्या दारात आडवी गाडी लावतो म्हणजे काय?’ त्यांनी पदर खोचला आणि माउस धरला. मग जे झालं ते बघून महिपतरावांचं तोंड उघडंच राहिलं. ही बाई सराईतासारखी बटणं दाबत होती. तिने गाऊनमधल्या नंदाला दारात आणलं, शेजाऱ्याला हसून आत घेतलं, सोफ्यावर बसवलं, खायला दिलं. तो ऐसपैस पसरू लागला तशी तिने त्याच्यावर बाण नेला, एक यादी उघडली आणि ‘निरोप द्या’ अशा अर्थाचं बटण दाबलं. शेजारी उठला. नमस्कार करून निघाला, लाल गाडीत बसला आणि गेला.

‘तुला हे कुठून...’ महिपतराव पुटपुटले.

‘पितृपक्षात तुम्ही घोरत होतात तेव्हा संसार कोण करत होतं? तिकडे बघा आधी!’

निळी गाडी हलली. सावकाश वळली, पांढऱ्या दरवाजाखालून आत शिरली आणि थांबली. दरवाजा खाली आला. स्वयंपाकघराचं दार उघडून गाऊनमधली नंदा तीन पायऱ्या उतरली आणि गाडीपाशी जाऊन टाळ्या वाजवू लागली. इकडे सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. आबांनी डोळे पुसले आणि ‘पाणी नाही आलं म्हणजे मिळवलं’ असं म्हणाले. नंदाताईंनी मंजुळाबाईंच्या हातून फोन घेतला. ‘साईनाथ, तू जेवायला ये. गाडी विकायची नाही.’

राकेश टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघत होता. त्याच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली. ‘काका, मस्त झालंय हां. पण बाजूला केवढी जागा वेस्ट जाते! इकडे एक माळा टाकला ना...’

महिपतरावांनी त्याच्याकडे बघितलं. मग नंदाताईंकडे. त्यांनी भुवई किंचित उचलली. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या भुवईचा अर्थ कळायला बटण लागत नाही.

‘बस, राकेश,’ महिपतराव म्हणाले. ‘नंदा, याला चहा दे. करंजी दे.’ राकेश बसला. करंजी त्याच्या तोंडात गेली तसे महिपतराव शांतपणे म्हणाले, ‘आता मला सांग, तीन नंबरमधला हिमालय कधी हलवतोयस?’

राकेशला ठसका लागला. ‘काका, बाप्पाचं काम...’

‘बाप्पाला माझा साष्टांग नमस्कार. बाप्पाने कधी माझी जागा मागितली नाही, तू मागितलीस. चार दिवसांसाठी. दिवस भरले. मखर तुझ्या जागेत ठेव, गाडी रस्त्यावर काढ. बदामाखाली जागा होतेच आहे.’

हे वाक्य महिपतरावांनी जिन्यात, न्हाणीत, खिडकीत हजारदा मनाशी म्हटलं होतं. ते आज तोंडातून बाहेर पडलं हे त्यांनाही खरं वाटेना. आबांनी काठी आपटली. ‘बरोबर आहे! आणि तो प्लायवूड माझ्या खिडकीत वाळवीही आणतोय.’ मंजुळाबाईंनी तर आज सीमोल्लंघन आहे, आजच हलवा, नंतर मुहूर्त नाही, असं जाहीर करून टाकलं. पंचांगाने पहिल्यांदाच महिपतरावांची बाजू घेतली होती.

राकेश वाईट नव्हता. त्याला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं, इतकंच. दोन करंज्या खाऊन त्याने बाह्या सरसावल्या. सगळे खाली उतरले. बांबू गेले, खोके गेले, मखर गेलं. हिमालय चौघांनी उचलला तेव्हा त्याच्यामागे गेल्या कित्येक वर्षांत हरवलेले सोसायटीतले सगळे चेंडू निघाले. तीन नंबर मोकळा झाला. महिपतरावांनी गाडीचं कव्हर काढलं, माळ सारखी केली, आत बसून चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. बॅटरी उतरली होती.

‘लाल फुली,’ नंदाताई म्हणाल्या, आणि सगळ्यांत आधी त्यांनीच मागून हात लावला. मग राकेश आला, मंजुळाबाई आल्या. चावी न्यायला निघालेला साईनाथ कल्याणहून जेवायला पोचला होता, तोही ढकलायला लागला. आबा पुढे उभे राहून काठीने दिशा दाखवू लागले. ‘उतार बघा, पाणी कुठून येईल ते बघा!’ दोन खांबांच्या मधे, बोटभर अंतर राखून, गाडी आत गेली.

जेवणंखाणं होऊन पाहुणे गेले. महिपतराव नेहमीच्या सवयीने उठले, खुंटीवरची सुतळी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि दाराशी गेले.

‘कुठे निघालात?’ नंदाताईंनी आतून विचारलं.

‘आलोच. जरा गाडी...’

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘गाडी घरात आहे.’

महिपतराव सुतळी हातात धरून दारातच उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या, सुतळी परत खुंटीला लावली आणि म्हणाले, ‘नंदा, बॅटरी आणतो उद्या. कुठे जायचं सांग.’

‘बदलापूरला,’ नंदाताई म्हणाल्या. ‘आणि तिकडे राहूसुद्धा. जागा कोण नेतोय ते बघते मी.’